नत्राची राखण

लग्न होऊन मी सासरी निघाले तेव्हा खाडी ओलांडणाऱ्या शिडाच्या पडावात नवऱ्या दोन होत्या, एक मी आणि एक माझी गाय. खरं सांगायचं तर लोक तिच्याकडेच बघत होते. तिच्या शिंगांना गेरू फासला होता, गळ्यात झेंडूची माळ होती आणि आईने स्वतःच्या हाताने तिच्या शिंगाला खण बांधला होता. मी नवरीने बसावं तशी मान खाली घालून बसले होते. आगरदांड्याहून पडाव निघाला, खाडीच्या मध्यावर आला, वाऱ्याने शीड फडफडलं आणि ती बिचकली. शेपूट वर गेलं आणि पडाव हाकणाऱ्या तांडेलाच्या पायांवर जे व्हायचं ते झालं.

"आगं बाय, धरा हिला कोनीतरी! न्हायतर समदी बुडाल!" तांडेल ओरडला.

वरातीतले पुरुष एकमेकांची तोंडं बघत राहिले. मी पदर खोचला, उठले आणि तिचं शिंग धरलं ते दिघीचा धक्का येईपर्यंत सोडलं नाही. नवऱ्याच्या हाताआधी हिने गायीचं शिंग धरलं, असं मला सासरी कितीतरी दिवस ऐकवत होते. मला त्याचं हसू यायचं. नवऱ्याचा हात तरी धरायला कुठे मिळत होता? तो मुंबईला गिरणीत, येणार शिमग्याला आणि गणपतीला.

ती गाय माझं आंदण होती. बाबांनी तिला वासरू असल्यापासून सुपारीच्या वाडीतलं हिरवं गवत घालून वाढवली होती. भांडी झिजतात, गाय वाढते, असं त्यांचं म्हणणं. लग्नात ती गाभण होती आणि बाबांना वाटत होतं की लेक सासरी पोचते न पोचते तोच घरात दुधाची कासंडी भरेल. त्या आनंदात ते पडावाबरोबर गुडघाभर पाण्यात चालत आले होते.

तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती आणि आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. सासर खाडीपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. भाताची शेती, बैलजोडी, एक म्हैस, आणि आता माझी गाय. पावसात सगळीकडे हिरवंगार आणि दिवाळी उलटली की जनावरांना नुसता पेंढा. हिरव्या गवतावर वाढलेल्या माझ्या गायीला तो पेंढा म्हणजे शिक्षाच झाली. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या आणि ती गाभडली. पोटातलं वासरू गेलं. त्यानंतर ती फळेचना. आणि मलाही अजून मूल नव्हतं.

पाणवठ्यावर बाया बोलायच्या ते मला ऐकू जावं इतक्या हळू बोलायच्या. "गाय तशीच नि सून बी तशीच. एकाच दावनीच्या." मी एकदा घागर दगडावर अशी आपटली की तिला पोचा पडला. सासूबाईंनी विचारलं तेव्हा सांगितलं, हात निसटला. मनात म्हटलं, नवरा वर्षातून दोनदा घरी येतो, मूल काय टपालाने यायचं?

बाबा वर्षातून एक-दोनदा भेटायला यायचे आणि येताना स्वतःचं पाणी घेऊन यायचे. आमच्यात रीतच तशी होती. लेकीला मूल होत नाही तोवर बापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. फिरकीच्या तांब्यात पाणी, फडक्यात भाकरी. ओटीवर बसायचे, सासऱ्यांशी पाऊसपाण्याचं बोलायचे, माझ्याकडे एकदा बघायचे, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचे आणि ऊन कलायच्या आत परतीचा पडाव गाठायचे. आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी पंचक्रोशीत नावाजलेलं. मी उगाचच भरलेली घागर ओटीवर आणून ठेवायची. वाटायचं, एकदा तरी हात पुढे करतील.

तिसऱ्या वर्षी शिमगा झाल्यावर ते असेच आले होते. सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "व्याहीबुवा, अजून एक वर्स बघतो. पुढल्या साली वैशाखात, पेरनीच्या आदी, दावं घेऊन या नि गाय घेऊन जावा. वांझ जनावर म्या दावनीला न्हाय ठेवायचा."

बाबांनी तांब्याची फिरकी सोडली, झाकणात पाणी ओतलं आणि न पिताच परत तांब्यात टाकलं. दिलेलं आंदण परत येणं म्हणजे गावात बापाने तोंड लपवायची गोष्ट. आणि गाय परत गेली की लोक पुढचं वाक्य कुणाबद्दल बोलणार, हे बाबांना कळत होतं आणि मलाही. ते गेल्यावर मी गोठ्यात गेले, गायीच्या गळ्याला मिठी मारली आणि तिला अशा शिव्या दिल्या की म्हैस माझ्याकडे वळून बघायला लागली.

आता नत्र कसं आलं ते सांगते.

ते दिवस राबाचे होते. आमच्याकडे भाताचं रोप करायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पातेरा म्हणजे सुका पाला, आणि डहाळ्या पसरतात, वर मातीचा थर देतात आणि पेटवून देतात. जमीन भाजते, तण मरतं आणि रोप जोमाने येतं. सासरे राब भाजण्यात वाकबगार. त्यांचा राब धुमसत राहायचा, भडकायचा नाही, आणि ते बांधावर उभे राहून त्याच्याकडे आपल्या पोराकडे बघावं तसे बघायचे. अशाच एका सकाळी धुरातून खोकत खोकत नवा ग्रामसेवक आला. घाटावरचा पोरगेला माणूस, पायजम्याला सायकलची क्लिप, आणि गायीबैलांची इतकी भीती की शेजारच्या म्हातारीच्या शेळीलाही तो वाट द्यायचा.

"काका, हे तुम्ही नत्र जाळताय," तो म्हणाला.

सासऱ्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नत्र? त्यो कोन?"

ग्रामसेवकाने सांगितलं. नत्र डोळ्यांना दिसत नाही. पण झाडाला हिरवेपण त्याच्यामुळे येतं, जनावराच्या अंगाला मांस आणि कासेला दूध त्याच्यामुळे येतं. सुक्या पेंढ्यात ते फारसं नसतं, म्हणून पेंढ्यावरची गाय खंगते. हिरव्या गवतात ते असतं. गवताला ते शेणामुतातून मिळतं. आणि तुम्ही शेणातलं धुरातून सोडून देता, मुतातलं गोठ्याच्या नालीतून ओढ्यात सोडता, आणि उरलेलं हवेत उडून जातं.

"दिसत न्हाय, धरता येत न्हाय, उडून जातो," सासरे म्हणाले. "सरळ भूत म्हना की."

त्यांनी पहिल्याच दिवशी नत्राला पुरुष करून टाकलं आणि शेवटपर्यंत तो पुरुषच राहिला.

मी भाकरी घेऊन बांधावर गेले होते आणि मधल्या मध्ये सगळं ऐकत होते. पेंढ्यावरची गाय खंगते, एवढं ऐकलं आणि माझे कान टवकारले. ग्रामसेवक जायला निघाला तशी मी पदर सावरत त्याच्या मागे गेले. सासऱ्यांसमोर परपुरुषाशी बोलायची रीत नव्हती, म्हणून मी सायकलकडे तोंड करून सायकललाच विचारलं, "गवत उन्हाळ्यात हिरवं कसं राहील?" तोही शहाणा, सायकलकडे बघूनच बोलला. पुढच्या खेपेला त्याने पोत्यात गुंडाळून हत्ती गवताची ठोंबं आणली. विहिरीचं सांडपाणी जिथे वाहतं तिथे लावा म्हणाला, आणि गोठ्यातलं खत घाला.

खत आणायचं कुठून? आमच्या घरी शेणाला दोन धनी होते. सासूबाईंना ते शेणी थापायला आणि सारवायला हवं, सासऱ्यांना राबाला. शेणाच्या एका पोवरून दोघांची जुंपायची. मी रिकामी पाटी घेऊन मध्ये तिसरी उभी राहिले तर दोघांचं माझ्याविरुद्ध एकमत झालं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेणावर भांडणं होतात, मुतावर कोण भांडतं? मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, मूत मी घेऊ?"

त्या इतक्या हसल्या की त्यांना मटकन खाली बसावं लागलं. "घे बाय, समदं घे. आमी दिलं तुला वतन."

अशी मी मुताची वतनदारीण झाले. गोठ्याच्या नालीच्या तोंडाशी मडकं पुरलं आणि रोज सकाळी ते भरलं की जाऊन गवताच्या बुंध्याशी ओतायची, देवाला अभिषेक करावा तशी, हात न आखडता. गवताला पाच-सात नवी पानं फुटली होती. आठवड्याभरात त्यांची टोकं पिवळी पडली, मग तपकिरी, मग कुरकुरीत. मी परसात बसून हमसून हमसून रडले. सासूबाईंना वाटलं माहेरची कुणाची खबर आली.

ग्रामसेवक आला, लांबूनच वाकून बघितलं आणि म्हणाला, "फार पाजलंत. नुसतं ओतलं की मुळं जळतात. आणि अर्धं तर इथूनच उडून गेलं. हा नाकाला झोंबणारा वास येतोय ना, तो म्हणजे उडून चाललेलं नत्र."

सासरे ओटीवर होते. ते चटकन उठून बसले. "म्हंजे माज्या बैलांचा माल, नि वारा घेऊन जातो?"

"अगदी तसंच, काका."

हे मात्र त्यांना सहन झालं नाही. आमच्या सासऱ्यांनी कुणाला आपल्या बांधावरची काडी उचलू दिली नव्हती, मग वारा कोण लागून गेला? ग्रामसेवक पुढचं काही सांगायला तोंड उघडत होता, पण तेवढ्यात आमची म्हैस सुटून त्याच्या दिशेने आली आणि तो सायकलवर टांग मारून गेला. पुढचं सगळं रामायण त्या न सांगितलेल्या वाक्यामुळे झालं.

सासऱ्यांनी दोन माणसं बोलावली आणि गोठा बंद केला. जिथे जिथे फट होती तिथे झावळ्यांचे झाप बांधले, झापांवर शेणमाती लिंपली, कुडाची भोकं बुजवली, दाराला आतून गोणपाट लावलं. चार दिवस गोठा झाडायचा नाही, मुताचा थेंब बाहेर जाता कामा नये, असा हुकूम सुटला. आणि हे सगळं झाल्यावर त्यांनी गावकऱ्यांना जमवून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम देवाला सांगितल्याशिवाय होत नाही, विहीर खणायची असो की सून आणायची. हातात नारळ घेऊन ते गोठ्याच्या दारात उभे राहिले.

"बा गावदेवा म्हाराजा, आज तुज्या लेकरानं तुला हाक मारलीय..."

"व्हय म्हाराजा!" मागून सगळे.

"जो काय नत्र म्हनून हाय, जो आमी डोळ्यानं देखला न्हाय, जो आमच्या जनावरांच्या मुतातनं उठतो नि रानोमाळ पळतो..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याची वाट आडव. त्याला दुसऱ्याच्या शेतात जाऊ देऊ नको. आमच्याच वाफ्यात त्याचं मन रमव!"

"व्हय म्हाराजा!"

मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होते. हसू आवरता आवरता माझ्या बरगड्या दुखल्या. पण नारळ फुटला तेव्हा मीही हात जोडले, आणि माझं मागणं विनोदाचं नव्हतं. म्हटलं, देवा, तो रमू दे, आणि माझी गाय राहू दे.

चौथ्या दिवशी सकाळी सासरे बैल सोडायला गोठ्यात शिरले. दार उघडलं आणि आतून असा तिखट लोट आला की ते जे मागे फिरले ते थेट अंगणात येऊन तुळशीच्या कट्ट्याला धरून बसले. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, छातीतून हुंदक्यासारखा खोकला. आत बैल फुरफुरत होते, म्हैस हंबरत होती. मी नाकाला पदर लावून आत घुसले, दावी सोडली, झाप ओढून काढले. बाहेर आले ती माझीही तीच गत. सासूबाई बघायला आल्या आणि त्याही डोळे पुसायला लागल्या.

शेजारणीने कुंपणापलीकडून बघितलं तर घरातली तिन्ही माणसं अंगणात बसून ढसाढसा रडताहेत. ती ओरडत पळाली. थोड्या वेळात अर्धा गाव आमच्या अंगणात. पुरुष डोक्याची टोपी काढून उभे राहिले. बायांनी सासूबाईंच्या गळ्यात पडून सूर लावला. एकीने तर माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन हंबरडा फोडला, तेव्हा मी तिच्यावर अशी खेकसले की तिचा सूर मध्येच तुटला.

एक म्हातारे गृहस्थ सासऱ्यांजवळ उकिडवे बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा. कोन गेलं?"

सासऱ्यांनी उपरण्याने नाक पुसलं. "जायला कुटं दिला? जायला न्हाय दिला, म्हनून तर ही गत!"

त्या दिवशी गाव जे हसलं, ते भाताच्या लावणीपर्यंत हसत होतं. बांधाबांधावर कुणी शिंकलं तरी दुसरा विचारायचा, कोन गेलं?

ग्रामसेवक कळल्यावर धावत आला. त्याने हसू दाबलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. तो म्हणाला, गोठा मोकळा ठेवा, जनावरांना वारा हवा. नत्र कोंडायचं ते हवेत नाही, मातीत. जनावरांच्या पायाखाली कोरडी माती आणि पातेरा पसरा. माती मूत पिऊन घेते आणि नत्र धरून ठेवते. ओली झाली की उचला, गवताच्या बुंध्याशी पुरा आणि वर लगेच माती ओढा. शेणसुद्धा उन्हात पडू देऊ नका, खड्ड्यात टाकून झाका. आणि वास आला की समजा, काहीतरी उघडं राहिलं.

वास आला की समजा. हे वाक्य सासऱ्यांनी गाठीशी बांधलं. गावाने त्यांना हसून घेतलं होतं, आता माघार घेतली असती तर ते माझे सासरे कसले? ते रोज सकाळी गोठ्यात उभे राहून हुंगायचे. "सूनबाय, उजव्या आंगाला माती कमी पडली. नत्र चाललाय." पुढे पुढे त्यांना सवयच लागली. कुणाच्याही घरी गेले की आधी गोठ्याशी थांबायचे, नाक वर करायचे आणि आत आवाज द्यायचे, "तुमचा नत्र चालला हो!" लोक त्यांना लांबून येताना बघून गोठे झाडायला लागले.

मी मात्र मातीत बुडाले होते. पाऊस पडायच्या आत कोरडी माती साठवायची म्हणून मी डोंगराकडेची माती टोपलीने वाहून पडवी भरून टाकली. सासूबाई म्हणायच्या, "लोकं भात साठवत्यात, आमची सून माती साठवते." भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा बायांनी फेर धरून माझ्यावर गाणं रचलं:

"आमच्या गावात नवलाची गत,
सून राखते गायीचं मूत!"

मी फेरात शिरून सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. कारण तोवर मला दुसरं काही दिसायला लागलं होतं. गवत माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं, पानं अशी काळीशार हिरवी की हात लावला की अंगावर काटा यावा, आणि श्रावणात गाय गाभण राहिली होती.

मी आनंदाने सासऱ्यांना सांगायला गेले, गाय राहिली, आता बाबांना निरोप धाडू या. ते म्हणाले, "गाभन मागं बी हुती. उन्हाळा येऊ दे. वासरू भुईवर उभं ऱ्हायलं की बोलू. तवर माजा सबूद तसाच."

मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्या आमटीत मीठ घातलं नाही. पण आतून माहीत होतं, ते खोटं बोलत नव्हते. उन्हाळाच तर खरा होता. दिवाळी झाली, डोंगर पिवळा पडला, गावातली गुरं पेंढ्यावर आली. मी रोज दोन वेळा गवत कापायची, बारीक करायची, पेंढ्यात मिसळून गायीपुढे ठेवायची, आणि रोज तिच्या पायाखालची माती उचलून पुन्हा गवतालाच घालायची. तिने खाल्लेलं तिच्यातून निघून मातीत, मातीतून गवतात, गवतातून पुन्हा तिच्या पोटात. हे गोल गोल फिरणं मला फुगडीसारखं वाटायचं आणि माझं डोकं हलकं व्हायचं. कापता कापता मी एकटीच गाणी म्हणायची. गवताच्या धारेने हातांवर चिरा पडायच्या, त्यांचंही काही वाटत नव्हतं.

त्या वर्षी राब पेटवायची वेळ आली तेव्हा सासरे शेणाच्या झाकलेल्या खड्ड्याशी बराच वेळ उभे राहिले. मग नुसत्या डहाळ्या आणि पातेरा घेऊन गेले.

चैत्र गेला. वैशाख लागला. गाय आडवी झाली की मी हातातलं काम टाकून गोठ्यात धावायची. एका दुपारी तिने खाणं सोडलं आणि मी तिच्याजवळच बसून राहिले. सासूबाईंनी मला जेवायला हाक मारली नाही, त्याही येऊन बसल्या. उन्हं कलली तेव्हा वासरू बाहेर आलं. कालवड. कपाळावर पांढरा ठिपका. पडत, उठत, पुन्हा पडत ती एकदाची चार पायांवर उभी राहिली. सासरे दारात होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग नाक वर करून गोठा हुंगला आणि म्हणाले, "वास न्हाय." एवढंच बोलून ते गेले.

आणि दुसऱ्याच दिवशी बाबा आले. बोलाफुलाला गाठ. त्यांना निरोप मिळणं शक्यच नव्हतं. सांगितलेल्या दिवसात, सांगितल्याप्रमाणे, खांद्यावर नवं दावं आणि हातात तांब्या घेऊन ते ओटीखाली उभे राहिले. वर्षभरात त्यांचे केस पिकले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही.

"आलोय," ते म्हणाले. "गाय सोडा."

मला तिथेच ओरडून सांगायचं होतं. सासऱ्यांनी डोळ्याने दटावलं. "सोडू की. आदी वर तर या, बसा." मग माझ्याकडे वळून, "सूनबाय, आत ठेवलंय ते आन."

आत खरवस होता. सासूबाईंनी पहाटेच कालच्या चिकाचा गूळ-वेलची घालून उकडला होता. मी ताटलीत वड्या काढल्या, विहिरीचं ताजं पाणी तांब्यात भरलं आणि बाबांपुढे ठेवलं. त्यांनी हात मागे घेतला. त्यांनी ताटलीत काय आहे तेही धड बघितलं नव्हतं.

"आवो, असं काय करता? माजी लेक अजून..." बाबांनी ताटली मागे सरकवली.

"तुमची लेक व्याली काल," सासरे म्हणाले.

बाबांनी मान वर केली.

"आंदनाची लेक हो तुमची. पडावातनं आलेली. कालवड झालीय, नात झाली तुमाला. नात झाल्यावर आजानं पानी घ्यायचं न्हाय, आसं कुठल्या रीतीत हाय? दाखवा मला."

बाबांनी ताटलीकडे बघितलं. खरवस ओळखला. मग माझ्याकडे बघितलं, आणि मी इतका वेळ दाबलेलं हसू आणि रडू एकदमच बाहेर आलं. बाबांनी एक वडी तोंडात घातली. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

सासरे पुढे वाकले. "काय वो व्याहीबुवा, नत्र लागला काय डोळ्यास्नी? गोठ्यात तर वास न्हाय!"

बाबांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण सासूबाई हसल्या, मी हसले, आणि मग काही न कळता बाबाही हसायला लागले. त्यांनी आमच्या विहिरीचा तांब्या उचलला, वरून धार धरली आणि तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायले. मग म्हणाले, "अजून दे."

निघताना सासऱ्यांनी त्यांच्या नव्या दाव्याने गवताच्या ठोंबांची मोळी बांधली आणि वर एक पोतं दिलं, गोठ्यातल्या मातीचं. "ह्ये आमच्याकडनं आंदन. तुमच्या वाडीत घाला. नि वास आला तर मला बोलवा." बाबांनी ते पोतं डोक्यावर असं घेतलं जसं काही त्यात तांदूळ होते. मी मोळी घेऊन धक्क्यापर्यंत गेले.

पडावात तोच तांडेल होता. पोत्यात काय, त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "लेकीच्या घरचं हाय." पडाव सुटला. खाडीत जरा आत गेल्यावर बाबा उभे राहिले, घरून आणलेल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यांनी खाडीत ओतून दिलं, आणि तोंडाशी हात धरून सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"पानी गोड हाय गं पोरी तुज्या घरचं!"